शाहूपुरीतील आमच्या जुन्या दुकान-संकुलाचा पुनर्विकास : मजले ठरवण्याआधी जोत्याची उंची ठरवावी का?

गाळा नंबर चार (धागालेखक)

नमस्कार. कोल्हापूरच्या शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून हाकेच्या अंतरावर, आमचे एक जुने दुकान-संकुल आहे. रस्त्याला लागून चौदा गाळे, वर दोन मजल्यांवर बारा घरे आणि समोर गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी सोडलेली लांबट मोकळी पट्टी, अशी त्याची साधी रचना आहे. १९८४ साली इमारत पूर्ण झाली, तेव्हा वडिलांनी चार नंबरचा गाळा विकत घेतला. शेतीपंपांचे सुटे भाग विकण्याचा आमचा व्यवसाय तेव्हापासून त्याच जागेत चालू आहे.

आता एका विकसकाने संस्थेपुढे प्रस्ताव ठेवला आहे. इमारत पाडून तळमजल्यावर वाहनतळ, त्यावर एक मजला दुकाने आणि त्यावर सहा मजले घरे बांधायची, प्रत्येक सभासदाला सध्याच्या क्षेत्रापेक्षा २५ टक्के जास्त क्षेत्र द्यायचे आणि तीन वर्षांत ताबा द्यायचा, असे त्याचे म्हणणे आहे. पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा आहे. गेल्या दोन बैठकांत सगळी चर्चा २५ टक्क्यांचे ३५ टक्के कसे करून घ्यायचे, याच एका मुद्द्याभोवती फिरली. मला मात्र राहून राहून वाटते की आपण चुकीच्या टोकाने सुरुवात करत आहोत.

कारण सांगतो. माझ्या शटरच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, महापुराचे पाणी कुठवर आले ते दाखवणाऱ्या, तैलरंगाने काढलेल्या तीन रेघा आहेत. गुडघ्याइतक्या उंचीवरची २००५ ची रेघ वडिलांनी काढली. २०१९ ची आणि २०२१ ची मी काढली. या दोन रेघांत चार बोटांचे अंतर आहे आणि दोन्ही माझ्या छातीपर्यंत येतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे आणि या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. २०१९ मध्ये पाणी ओसरल्यावर मी बेअरिंगच्या खोक्यांचा ढीग उघडला, तेव्हा प्रत्येक खोक्यात पिठासारखा मऊ, करडा गाळ बसलेला होता. रॉकेलमध्ये बुडवून, जुन्या धोतराच्या फडक्याने एकेक बेअरिंग आम्ही पुसत बसलो. तरीही बोटाने फिरवले की आतून करकर ऐकू यायची आणि ते बाजूला टाकावे लागायचे.

अशा जागेवर नवी इमारत उभी करताना पहिला प्रश्न दुकानाची फरशी रस्त्यापासून किती उंच येणार, हा असायला हवा. ती पुरेशी उंच नसेल, तर नव्या दुकानात पुन्हा रेघाच काढायच्या आहेत. ती फार उंच असेल, तर रस्त्यावरून जाणारा शेतकरी, हातात जळकी मोटार घेऊन, पायऱ्या चढून वर येईल का? या दोन टोकांच्या मध्ये कसा मार्ग काढावा, याबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

काळी माती

मी संरचना अभियंता म्हणून चाळीस वर्षे काम केले असून आता निवृत्त आहे. आपण योग्य टोकाला हात घातला आहे. तरी जोत्याच्या उंचीआधी एक पायरी आहे, ती आधी सांगतो.

इमारत पाडायची की दुरुस्त करायची, हे मतदानाने ठरवण्यापूर्वी तिची तपासणी झालेली असावी. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे मालकांवर बंधनकारक आहे. आपल्या इमारतीची ती २०१४ मध्येच व्हायला हवी होती. या तपासणीत हातोडी वाजवून आणि गिलावा पाहून शेरा देणारे लोक भेटतात. तेवढ्यावर समाधान मानू नका. खांबातून काँक्रीटचा गाभा काढायला सांगा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारताना स्वतः समोर उभे राहा. निरोगी काँक्रीट अल्कधर्मी असते, त्यामुळे ते जांभळट गुलाबी होते. हवेतील कार्बन डायऑक्साइडने जेवढी जाडी खाल्लेली असते तेवढा भाग कोराच राहतो. हा कोरा पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल, तर सळईचे संरक्षण संपले असे समजावे. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडतो आणि आपल्याला छताचे पोपडे पडलेले दिसतात. त्या काळातल्या बांधकामात सळईवरचे आवरण पुष्कळदा जेमतेम असायचे. त्यात तळमजल्याचे खांब तीन महापुरांत कित्येक दिवस पाण्यात उभे राहिलेले आहेत. माझा अंदाज इमारतीच्या विरुद्ध जाईल, पण अंदाजावर कोणाचे घर पाडू नये.

आता जोत्याकडे येतो. पाटबंधारे विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम करता येते, मात्र ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असावे लागते. आपला भूखंड नेमका कोणत्या पट्ट्यात आहे, याचा लेखी दाखला आधी घ्या. पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे कागदावर ती कोणालाच काही सांगत नाही. भूमापकाकडून ती पातळी आपल्या भिंतीवर उतरवून घ्या. आपल्या तीन रेघांच्या शेजारी ती चौथी रेघ आली, की सभेतल्या प्रत्येकाला ती डोळ्यांनी दिसेल.

दुसरा मजला

मी याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. माझे म्हणणे कदाचित काही गाळेधारकांना आवडणार नाही, तरीही मांडते.

आमच्या जिन्याला उद्‌वाहन (लिफ्ट) नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्या वर्षातून मोजून चार-पाच वेळा खाली उतरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आले, वीज गेली, नळ बंद पडले आणि तिसऱ्या दिवशी तालमीतल्या मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून होडीत ठेवले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी विसरू शकत नाही. त्या घाबरल्या नव्हत्या. आपण ओझे झालो, असे त्यांना वाटत होते.

त्यामुळे पुनर्विकास व्हावा की नाही, हा प्रश्न आमच्यापुरता सुटलेला आहे. तो व्हायलाच हवा. स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा पडून गेल्या वर्षी ओट्यावरची शेगडी फुटली. तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. गाळेधारक बंधूंनी व्यवसायाचा विचार जरूर करावा, पण आमच्या डोक्यावर हे छत रोज आहे, एवढे लक्षात ठेवावे. काळी माती काकांना एक विचारायचे आहे. उद्‌वाहन असले तरी पुरात ते चालणार का?

काळी माती

वहिनी, आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक प्रस्तावांत त्याचे उत्तर नसते. उद्‌वाहनाचा खड्डा जमिनीखाली असतो, त्यामुळे पुराचे पाणी पहिल्यांदा तिथेच शिरते. यावर उपाय असा की पाण्याची चाहूल लागताच उद्‌वाहन वरच्या मजल्यावर नेऊन थांबवणारी व्यवस्था असावी आणि त्याची यंत्रसामग्री व नियंत्रण पेटी गच्चीवर ठेवावी. हाच नियम विजेच्या मीटरांना, जनित्राला आणि पाण्याच्या पंपाला लावावा. महावितरणचे मीटर तळमजल्यावर जिन्याखाली बसवण्याची आपल्याकडे सवय आहे. लाल रेषेखाली एकही मीटर नको, अशी अट करारनाम्यात शब्दांत लिहून घ्या. जमिनीखालची पाण्याची टाकीही पुरात सांडपाण्याने भरते. काळम्मावाडी धरणावरून आलेल्या थेट पाईपलाईनचे पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आले हे खरे, पण टाकीच गढूळ झाली तर ते कुठून आले याने काही फरक पडत नाही. साठवण वरच्या मजल्यांवर, दोन भागांत विभागलेली असावी.

पूर आलेला असताना माणसे बाहेर कशी पडणार, हेही नकाशावर दिसले पाहिजे. दुकानांच्या मजल्यावर, लाल रेषेच्या वर, होडी लागू शकेल असा एक रुंद सज्जा आणि तिथपर्यंत जिन्यातून सरळ रस्ता असला, तर कोणाला खुर्चीत बसवून पाण्यातून न्यावे लागणार नाही.

कुंभार गल्ली

मी आपल्या संकुलाचा सभासद नाही, पण शेजारी आहे. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये गणपतीच्या मूर्ती तयार होऊन रांगेने ठेवलेल्या असतात आणि महापूरही नेमका त्याच दिवसांत येतो. पाणी वाढू लागले की रातोरात मूर्ती हलवायच्या, हे आमच्या घरात आता दरवर्षीचे काम झाले आहे. रंग न वाळलेली मूर्ती हातात धरून चालताना बोटांचे ठसे उमटतात आणि तिथे पुन्हा रंग द्यावा लागतो.

माझी विनंती अशी आहे की जोते उंच करण्यासाठी भूखंडावर मुरुमाचा भराव टाकू नये. एकाने आपली जागा भरून घेतली, की तेवढे पाणी शेजारच्याच्या दारात जाते. आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला गेल्या काही वर्षांत दोन ठिकाणी असे भराव झाले आणि त्यानंतर पाणी चढायला लागणारा वेळ कमी झाला, असा आमचा स्वतःचा अनुभव आहे. आपली इमारत खांबांवर उभी राहिली आणि खालून पाणी वाहू दिले, तर आमचा काहीही आक्षेप नाही. भराव घालून जोते बांधले, तर मात्र आम्ही महापालिकेकडे लेखी हरकत घेऊ, हे आत्ताच नम्रपणे सांगून ठेवतो.

गाळा नंबर चार

कुंभार गल्लीतल्या बंधूंची हरकत मला पूर्णपणे मान्य आहे आणि ती सभेत मी स्वतः वाचून दाखवीन. आमच्या बैठकांत शेजाऱ्यांचा विषय एकदाही निघाला नव्हता, याची खंत वाटते.

जुना भाडेकरू

आमचे वडील या संकुलातल्या एका गाळ्यात पागडीने, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम देऊन कमी भाड्यावर, आले. मालक मुंबईला असतात. सभेला त्यांना बोलावणे जाते, आम्हाला नाही. गाळा पडल्यावर तीन वर्षांनी आम्हाला परत बोलावतील की नाही, याची हमी कोण देणार? भाड्याच्या पावत्या आहेत, वीजबिल आमच्या नावावर आहे. एवढे पुरेसे आहे का?

दस्त आणि दाखले

जुना भाडेकरू यांना आधी उत्तर देतो, कारण ते सर्वांत उघड्यावर आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने पागडीला मान्यता दिलेली आहे आणि इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप नाहीसा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. पावत्या आणि वीजबिल हे चांगले पुरावे आहेत. पण पुरावा असणे आणि करारात नाव असणे यांत फार अंतर आहे. मालक, संस्था, विकसक आणि आपण असा चौघांचा करार नोंदणीकृत व्हावा, त्यात नव्या गाळ्याचा क्रमांक, क्षेत्र आणि नकाशा जोडलेला असावा आणि तो होईपर्यंत गाळ्याची किल्ली देऊ नये.

आता संस्थेविषयी. आपली मिळकत पत्रिका, म्हणजे जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद, काढून पाहावी. १९८० च्या दशकातल्या पुष्कळ इमारतींत बांधणाऱ्याने गाळे आणि सदनिका विकल्या, पण जमीन संस्थेच्या नावावर कधी करून दिलीच नाही. पत्रिकेवर आजही मूळ जमीनमालकाचे नाव असेल, तर विकसन करारनामा करायला संस्थेच्या हातात भक्कम काही नाही. अशा वेळी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे मालकाने सही केली नाही तरी जमीन संस्थेच्या नावावर होण्यासाठी, अर्ज करता येतो. याला वेळ लागतो, म्हणून तो आधी करावा. विकसक म्हणतो की हे सगळे मी करून देतो. ते त्याच्यावर सोपवू नये, कारण मग जमिनीचे कागद त्याच्या कपाटात राहतात.

गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ चे शासनाचे निर्देश आहेत. सभेला दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी आणि चित्रीकरण, ही त्यातली मुख्य चौकट आहे. एकाच विकसकाचा प्रस्ताव समोर ठेवून हात वर करायला सांगणे त्या चौकटीत बसत नाही. आधी संस्थेने स्वतःचा वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमावा, त्याच्याकडून सुसाध्यता अहवाल (प्रकल्प परवडेल का, याचा हिशेब) घ्यावा आणि मग निविदा मागवाव्यात.

२५ टक्क्यांबद्दल एक सावधगिरी. कशाच्या २५ टक्के, हे विचारा. आपल्या जुन्या खरेदीखतात बहुधा बिल्ट-अप (भिंतींसकट मोजलेले) क्षेत्र लिहिलेले असेल आणि विकसक कधी बिल्ट-अप, कधी विक्रीयोग्य (जिना-मार्गिकांचा वाटा धरून मोजलेल्या) क्षेत्राची भाषा करील. दोन्ही बाजूंना रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या व्याख्येतले चटई क्षेत्रच धरा. त्यात बाहेरच्या भिंती आणि सज्जा धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. नव्या नियमावलीत जिना, मार्गिका, सज्जे यांचे क्षेत्रही चटई क्षेत्र निर्देशांकात (भूखंडाच्या मानाने किती बांधता येते, त्या प्रमाणात) मोजले जाते आणि त्यासाठी घरांना ६० टक्के व दुकानांना ८० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जोडीचा जास्तीचा, निर्देशांक अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळतो. म्हणून जुन्या काळचा निर्देशांक आणि आजचा निर्देशांक शेजारी ठेवून केवढे वाढले पाहा असे जे दाखवले जाते, ती तुलनाच चुकीची आहे.

पुण्यातून

मी या संकुलातल्या एका सदनिकेचा मालक आहे आणि नोकरीमुळे पुण्यात असतो. सदनिका भाड्याने दिलेली आहे. माझ्या मते आपण सगळे फार खोलात जात आहोत. विकसक बुडाला तर काय, एवढाच खरा धोका आहे. पुण्यात अर्धवट थांबलेल्या इमारती मी रोज पाहतो. त्याविरुद्ध संरक्षण काय?

दस्त आणि दाखले

धोका खरा आहे. संरक्षण तीन ठिकाणी आहे. विकसक जी नवी घरे विकणार त्यांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम रेरा कायद्याने स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. पण हे संरक्षण मुख्यतः नव्या खरेदीदारांसाठी आहे, जुन्या सभासदांनी त्यावर विसंबू नये. शासनाच्या निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमीचा उल्लेख आहे आणि बहुतेक संस्था ती भिडेखातर सोडून देतात. ती सोडू नका. आणि तिसरे म्हणजे, सर्व सभासदांचे भाडे किमान बारा महिन्यांचे आगाऊ जमा झाल्याशिवाय आणि बांधकामाचा परवाना हातात आल्याशिवाय इमारत रिकामी करू नका. रिकामी इमारत हे विकसकाचे सर्वांत मोठे बळ असते.

आणखी एक दिलासा देणारी बाब म्हणजे, संस्थेच्या विकसन करारनाम्यावर मुद्रांक शुल्क भरल्यानंतर प्रत्येक सभासदाच्या पर्यायी जागेच्या करारावर पुन्हा पूर्ण शुल्क मागता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलेला आहे.

गाळा नंबर चार

काल भूमापक येऊन गेले. लाल रेषेची पातळी त्यांनी माझ्या गाळ्याच्या चौकटीवर खडूने उतरवून दिली. २०२१ च्या रेघेच्या वर एक वीत आली आहे. गाळ्याची फरशी सध्या रस्त्यापासून दीड फूट उंच आहे. सगळी बेरीज केली, नियमाप्रमाणे ०.४५ मीटर धरले, तर नव्या दुकानाची फरशी रस्त्यापासून जवळपास २.४ मीटरवर येते. म्हणजे आठ फूट.

आठ फूट हा आकडा ऐकल्यावर चौदाही गाळ्यांत काल संध्याकाळी शांतता होती. आमच्यात एक पिठाची गिरणी आहे, एक सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, एक औषधाचे आहे. दळणाचा डबा घेऊन आठ फूट चढायचे? सायकल वर न्यायची? राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली, तेव्हापासून इथला धंदा रस्त्याच्या पातळीवर चालत आला आहे. बैलगाडी थेट दुकानाच्या उंबऱ्याला लागायची. तोच उंबरा आता माणसाच्या डोक्याच्या वर जाणार आहे.

दुसऱ्या बाजूने, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून माझ्याकडेच तीन वकिलांनी जागेची विचारणा केली. विकसकाच्या मनात तेच असावे. वरच्या मजल्यावर कार्यालये सहज चालतील. म्हणजे सध्याचे गाळेधारक हळूहळू आपले हक्क विकून निघून जातील आणि गिरणीच्या जागी कार्यालय येईल. कार्यालयांबद्दल माझी तक्रार नाही. पण शाहूपुरीतल्या माणसाला दळण, पंपाचा वायसर आणि तापाची गोळी एकाच रांगेत मिळत होती, ती सोय कुठे जाईल?

काळी माती

आकडा आपल्यासमोर आला, हे चांगले झाले. आता त्यात थोडी भर घालतो. खाली वाहनतळ ठेवायचा तर तुळईखाली २.४ मीटर मोकळी उंची लागते. त्यात तुळई आणि लादीची जाडी मिळवली, की दुकानाची फरशी २.४ ऐवजी तीन मीटरच्या आसपास जाते. १५ सेंटिमीटरच्या वीस पायऱ्या. अपंगांसाठीचा उतार १ ला १२ या प्रमाणात काढायचा तर ३६ मीटर लांबी लागते, शिवाय मधले थांबे. आपल्या चौदा गाळ्यांची रस्त्याकडची लांबी प्रत्येकी दहा फुटांनी सुमारे ४२ मीटर भरते. थांबे धरले तर एका सरळ रेषेत तो उतार जेमतेमच मावेल, पण मध्ये एक वळण दिले तर नक्की बसतो. आज समोर जी गाड्यांची पट्टी आहे तिचा काही भाग त्यासाठी द्यावा लागेल आणि गाड्या इमारतीखाली जातील. त्या उतारावरून सायकल आणि हातगाडी दोन्ही चढतात. वर दुकानांपुढे सलग आठ-दहा फूट रुंदीची पडवी असावी, म्हणजे ती दुसरा रस्ताच होईल. पावसात आणि उन्हात ती आजच्या रस्त्यापेक्षा बरी ठरेल, असे मला मनापासून वाटते.

पण एक ताकीद. खाली फक्त खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशी इमारत भूकंपात सर्वांत आधी बसते. २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादेत अशाच कितीतरी इमारती खालच्या मजल्यावर कोसळल्या. कोल्हापूर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात आहे आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का इथल्या जुन्या माणसांना आठवतो. म्हणून जिना आणि उद्‌वाहन यांच्याभोवती पायापासून गच्चीपर्यंत काँक्रीटच्या सलग भिंती हव्यात आणि खांबांतली सळई आयएस १३९२० या भूकंपविषयक भारतीय मानकाप्रमाणे जवळजवळ कड्यांनी बांधलेली हवी. तळमजल्यावरच्या या भिंती शक्य तेवढ्या पुराच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवाव्यात, म्हणजे पाणी अडणार नाही आणि कुंभार गल्लीची चिंता वाढणार नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया तिच्याखालच्या घट्ट मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागेल. या सगळ्याला पैसे लागतात. विकसकाने ३५ टक्के क्षेत्र देऊ केले तर ते कुठून देतो, हे या यादीवरून ताडता येईल.

दुसरा मजला

काकांनी पडवीचे जे लिहिले, ते सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, पडवीवर बसायला बाक असेल का. मी हा प्रश्न गंमत म्हणून लिहीत नाही. आज त्यांना घराबाहेर बसायला एकही जागा नाही. दुकानांच्या पडवीपर्यंत उद्‌वाहन थांबले, तर त्या रोज संध्याकाळी खाली येतील आणि गाळेधारकांनाही वर राहणाऱ्या कुटुंबांचे गिऱ्हाईक मिळेल. बारा घरांची नव्या इमारतीत तीस-पस्तीस घरे होतील. त्यांना दळण लागेलच.

गिरणीवाल्या काकांशी काल बोलले. नवीन इमारतीत गिरणीच्या आवाजाला आणि पिठाच्या धुळीला घरवाले हरकत घेतील, ही त्यांची खरी भीती आहे, आठ फुटांची नाही. ती हरकत घेणाऱ्यांत मी नसेन, पण माझ्या शब्दापेक्षा करारातली ओळ उपयोगी पडेल. दस्त आणि दाखले यांनी ती कशी लिहायची ते सांगावे.

दस्त आणि दाखले

सध्या चालू असलेले व्यवसाय नव्या इमारतीत चालू ठेवण्यास संस्थेची आणि विकसकाची संमती आहे, अशी तरतूद विकसन करारनाम्यात व्यवसायांच्या नावांसह लिहावी आणि नव्या खरेदीदारांच्या करारातही तीच ओळ यावी, अशी अट घालावी. गिरणीसाठी कोपऱ्याचा गाळा, तिच्या वर घर न येईल अशी जागा आणि यंत्राखाली रबरी गादीचा पाया, हे नकाशात आत्ताच दाखवता येते. ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत संरचनात्मक दोष निघाला तर तो विकसकाने विनामूल्य दुरुस्त करावा, असे रेरा कायद्याचे कलम १४ सांगते. ही तरतूद जुन्या सभासदांनाही लागू राहील, असे करारात वेगळे लिहून घ्यावे.

गाळा नंबर चार

सभा रविवारी झाली. सव्वीसपैकी बावीस सभासद हजर होते. पुण्याहूनही आले होते. पागडीच्या भाडेकरूंना या वेळी निमंत्रण दिले आणि बसायला खुर्च्या दिल्या. सभा सुरू करण्याआधी सगळ्यांना माझ्या गाळ्यात नेऊन चौथी रेघ दाखवली. दोघांनी हात वर करून तिची उंची स्वतः मापली. त्यानंतर क्षेत्राच्या टक्केवारीवर कोणी बोलले नाही असे नाही, पण ती चर्चा शेवटी झाली.

विकसकाच्या प्रस्तावावर मतदान घेतले नाही. मिळकत पत्रिका आणि मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज, खांबांचे गाभे काढून तपासणी, पूररेषेचा लेखी दाखला आणि संस्थेचा स्वतःचा वास्तुविशारद, एवढी चार कामे आधी करायची असे ठरले. वास्तुविशारदाला द्यायच्या पत्रात भराव न घालणे, सलग पडवी, उतार आणि गिरणीचा कोपरा या चार गोष्टी लिहिल्या आहेत. सायकल दुरुस्तीवाल्यांनी आपण पैसे घेऊन बाहेर पडू असे सांगितले. त्यांचे वय आणि गुडघे पाहता त्यांना आग्रह करण्याचा अधिकार मला वाटला नाही, तरी त्यांच्या गाळ्याशिवाय ही रांग कशी दिसेल, हे मनात येऊन वाईट वाटले.

गाभे काढण्याचे काम बहुधा पुढच्या आठवड्यात होईल. काळी माती काका, आपण त्या दिवशी येऊ शकलात तर बरे होईल. खडूची रेघ पुसली जाऊ नये म्हणून तिच्यावर मी काल लाल तैलरंग दिला आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी सकाळी दहानंतर केव्हाही गाळ्यात यावे.